वायवाला डाय

बोर्डावर काय लिहायचं ते माझ्या बायकोनं, मिनलनं मला विचारलं तेव्हा मी जेवत होतो. "इंग्रजीचं तुम्ही बघा," ती म्हणाली, "तुम्हाला येतं." नंतर जे काही झालं त्यात तिचा दोष एवढाच, की तिनं विचारलं. माझा दोष एवढाच, की मी ताट बाजूला सारून लगेच कागद मागितला.

मिनल दुकान काढत होती. सांगवीत आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावर एक गाळा रिकामा होता, तो तिनं भाड्यानं घेतला. जुन्या साड्यांना रंग देणं, रोल प्रेसवर त्यांना पॉलिश करणं, पिको-फॉल, असं सगळं तिथं होणार होतं. हे काम ती पिंपरीत एका दुकानात बरीच वर्षं करत होती, पण दुसऱ्याच्या नावावर. रंगात तिचा हात असा, की विटलेली जांभळी साडी उजेडात धरून ती म्हणायची, "हिच्यात जरा काळा टाकला की वांगी येईल," आणि वांगीच यायचा. तिथली नोकरी तिनं सोडून दिली होती, त्यामुळे आता मागे फिरायला जागा नव्हती. तिचं मागणं फार नव्हतं. स्वतःच्या नावाचा एक बोर्ड हवा होता.

इथं माझ्या इंग्रजीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. मी चाकणला एका कंपनीत टूलरूमचा पत्रव्यवहार बघतो. कंपनी मोटारींचे पत्र्याचे सुटे भाग बनवते. पत्रा दाबून त्याला आकार देणारा जो लोखंडी साचा असतो, त्याला डाय म्हणतात. डाय तडकला, डाय दुरुस्त झाला, डायला अमुक जागी होल मारलं, असं सगळं परदेशातल्या गिऱ्हाइकांना इंग्रजीतून कळवायचं, हे माझं काम. माझ्या मेलमध्ये आजवर कुणी चूक काढली नव्हती. ही गोष्ट मी सोसायटीत मुद्दाम कुणाला सांगितली नाही. विषय निघाला तर सांगायचो, आणि विषय निघेल याची काळजी घ्यायचो.

तेव्हा डाय या शब्दाचं स्पेलिंग मला कुणी शिकवावं अशी परिस्थिती नव्हती. डी-आय-ई. त्याला आयएनजी लावताना आय-ई जाऊन वाय येतो, हा नियमही मला शाळेपासून पाठ आहे. होल, एच-ओ-एल-ई. प्लेन, पी-एल-ए-एन-ई. ही सगळी रोजच्या ड्रॉइंगवरची स्पेलिंगं. त्यांच्यात चूक असती तर चाकणमध्ये एकाही गाडीला दार बसलं नसतं.

फ्लेक्स छापणारा रोहिदास आमच्या चौकातच बसतो. त्याच्या काउंटरवर लिहिलेलं आहे, की स्पेलिंगची जबाबदारी पार्टीची. मी ते वाचून हसलो होतो.

"वर मराठीत मोठं नाव लागतंच, नियम आहे," रोहिदास म्हणाला. "खाली इंग्रजी टाकू. पण दादा, मजकूर फार झालाय. साडी हा शब्द चार वेळा आलाय. अक्षरं मुंग्यांएवढी होतील."

"मग साडी काढून टाक," मी म्हणालो. "साडीशिवाय दुसरं काय असणार आहे तिथं?"

या वाक्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला.

बोर्ड लागला. वर ठसठशीत मराठीत, 'मिनल डाय अँड रोल प्रेस'. खाली इंग्रजीत, ओल्ड अँड न्यू, ऑल डाइंग डन हिअर. एक्स्पर्ट इन लेडीज डाइंग. होम पिकअप. प्लेन अँड डिझाइन. होल सेल ऑल्सो. आणि अगदी खाली, ब्लाउज पीस अव्हेलेबल. आता मागे वळून पाहताना एवढंच सांगतो, की पीसचं स्पेलिंग बरोबर होतं. शांततेचा पीस वेगळा आणि तुकड्याचा वेगळा हे मला माहीत होतं आणि मी तुकड्याचाच टाकला होता. याचा उल्लेख आजपर्यंत कुणीही केलेला नाही.

उद्घाटनाच्या सकाळी नारळ फोडून मिनल आत पेढे ठेवत होती, तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन साहेबराव खाली आले. साहेबरावांची अख्खी नोकरी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये गेली, आणि त्या आवाजात दोन्ही कानही गेले. त्यांनी बोर्ड वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"ज्योतीराम," ते म्हणाले, "किती टनाचा प्रेस आहे?"

"टनाचा नाही हो. साडीचा आहे."

"साडेसातचा?"

"साडीचा. साडी."

"साडेसात टन म्हणजे पॉवर प्रेस झाला. फाउंडेशन किती खोल घेतलं?"

मी जवळ जाऊन त्यांच्या कानात सांगितलं, की हा डाय म्हणजे तो डाय नव्हे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "डाय म्हणजे डायच ना?" ते म्हणाले. त्यांना ऐकू आलं असतं तरी काही उपयोग नव्हता. दोन्ही डाय कानाला सारखेच.

साहेबरावांनी एक पेढा खाल्ला, भिंतीला तळवा लावून हादरे बघितले आणि वर गेले. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली, की रहिवासी इमारतीत प्रेस शॉप चालू देणार नाही, गाळेधारकानं खुलासा करावा. खाली निवृत्त मंडळींची चर्चा रंगली. आमच्या सोसायटीत निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. एकानं लिहिलं, डाय बसवताना क्रेन कुठून आणणार? दुसऱ्यानं लिहिलं, माझ्या ओळखीचा फिटर आहे, चांगला आहे. तिसऱ्यानं नुसतेच हात जोडले.

साड्या पॉलिश करायच्या रोल प्रेसला वेगळा मीटर लागत होता. मी रजा काढून विजेच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या माणसानं अर्ज वाचला.

"डाय आणि प्रेस. म्हणजे इंडस्ट्रियल."

"साडीला पॉलिश करायचं मशीन आहे ते. गरम रूळ असतो."

"मग डाय कशाला?"

"रंगवायला."

"डाय रंगवता, का डायनं रंगवता?"

मी विचारात पडलो. दोन्हीला हो म्हणता येत होतं आणि दोन्ही चूक वाटत होतं. त्यानं माझी अडचण ओळखली असावी. तो सभ्य माणूस होता. "हे बघा," तो म्हणाला, "सोसायटीकडून एक पत्र आणा, की इथं कारखाना नाही. मी लगेच करून देतो."

मी साहेबरावांकडे गेलो. साहेबराव म्हणाले, विजेच्या ऑफिसकडून पत्र आणा, की इथं कारखाना नाही, मी लगेच सही करतो. मी पुन्हा ऑफिसात गेलो. असा मी सांगवीत फिरत राहिलो आणि रोल प्रेस प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलाच राहिला. मिनल गॅसच्या शेगडीवर पातेल्यात पाणी तापवून हातानं रंग द्यायला तयार होती, पण रंग द्यायला साडीच येत नव्हती. फोन मात्र यायला लागले.

पहिला फोन आला तेव्हा मी समोरच होतो. बोर्डावरचा नंबर बघून कुणा तरुण माणसानं केलेला.

"तुमच्याकडे किती वेळ लागतो?" त्यानं विचारलं.

"दोन दिवस धरा," मिनल म्हणाली. "गडद असेल तर तीन."

"तेवढे दिवस ठेवायचं कुठं?"

"घडी घालून ठेवा की. नाहीतर आम्ही घरून नेतो."

पलीकडे कुणीतरी हसलं आणि फोन बंद झाला. मग असे फोन रोजच येऊ लागले. एकानं विचारलं, आमच्या सासूबाईंचं ॲडव्हान्स बुकिंग होईल का? मिनलनं रंग विचारला. "सावळा," तो म्हणाला. तिनं ते कागदावर लिहूनही घेतलं.

उलगडा केला तो वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या स्वप्नालीनं. ती हिंजवडीला आयटीत आहे, बोलते कमी. त्या दिवशी ती दुकानात आली, थोडा वेळ फॉलच्या गुंडाळ्या चाचपत उभी राहिली आणि म्हणाली, "काका, बोर्डाचं एक सांगू का? वाईट वाटून घेऊ नका."

"बोल की."

"रंगवणं म्हणजे डाय, पण त्याचं स्पेलिंग डी-वाय-ई. तुम्ही डी-आय-ई लिहिलंय."

"ते साच्याचं स्पेलिंग आहे," मी म्हणालो. "मी रोज लिहितो."

"हो, साच्याचंही तेच. पण त्याचा पहिला अर्थ मरणं असा आहे." ती थांबली. "तुमच्या बोर्डाचा अर्थ असा होतो, की जुने-नवे, सगळ्या प्रकारचं मरण इथं करून मिळेल. बायकांच्या मरणात तज्ज्ञ. घरून नेण्याची सोय."

मी खुर्चीवर बसलो. मिनल शेगडीपाशी उभी होती, ती तशीच उभी राहिली.

"आणि होलसेलला सुरुवातीला डब्ल्यू लागतो," स्वप्नाली हळूच म्हणाली. "हे भोकाचं होल आहे. म्हणजे भोकं विकतो. आणि ते प्लेन म्हणजे विमान."

"ब्लाउज पीस?" मी विचारलं.

"ते ठीक आहे काका."

ती गेल्यावर मिनलनं गॅस बंद केला. "इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या दुकानात राबले," ती म्हणाली. "तिथं माझं नाव कुठं नव्हतं. आता आलं, तर हे असं आलं." आवाज चढवून बोलली असती तर बरं झालं असतं. ती शटर ओढून वर गेली आणि मी आतच राहिलो, म्हणून तिला परत खाली येऊन शटर उघडावं लागलं.

मी तडक रोहिदासकडे गेलो. पण आमच्या भागातल्या एका नेत्याचा वाढदिवस जवळ आला होता आणि रोहिदासचं मशीन रात्रंदिवस त्याच एका चेहऱ्याला वाहिलेलं होतं. "सगळं होऊन जाऊ द्या दादा, मग करू," तो म्हणाला. "तोवर झाका."

घरात पलंगावरची एक जुनी चादर होती, ती मी बोर्डावर बांधली. बांधून खाली उतरलो आणि रस्त्यापलीकडे जाऊन बघितलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चादर पांढरी आहे. मिनल गॅलरीतून बघत होती. "आता हार घाला त्याला," ती म्हणाली आणि आत गेली.

चादर बांधायला मला उशीरच झाला होता. बोर्डाचा फोटो आधीच फिरत होता. सांगवीतून पिंपळे गुरवला, तिथून दापोडीला, आणि असाच कुठून कुठून तो चाकणला आमच्या कंपनीत पोचला. माझे साहेब धनेश यांनी मला केबिनमध्ये बोलावून मोबाइल पुढे केला. फोटोत बोर्डाखाली मी उभा होतो, हातात पेढ्यांचा बॉक्स, चेहऱ्यावर समाधान.

"हे तुम्हीच लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"मजकूर माझा आहे," मी म्हणालो. "साडी हा शब्द रोहिदासनं काढायला लावला."

साहेब चांगले आहेत, हसले नाहीत. ते हसले असते तर मीही हसलो असतो आणि विषय संपला असता. ते गंभीर झाले. "ज्योतीराम, तुम्ही कस्टमरला काय काय लिहिलंय इतकी वर्षं, ते एकदा बघायला पाहिजे," ते म्हणाले. पुढचे काही दिवस नवीन लागलेली ट्रेनी दिव्या माझ्या जुन्या मेल वाचत बसली. तिला एकही चूक सापडली नाही. हे मला मोठ्यानं सांगायचं होतं, पण ऐकायला कुणी तयार नव्हतं.

आणि इथं मी खरी चूक केली. आतापर्यंतची चूक अज्ञानातून झालेली, ही ज्ञानातून झाली. डायचं बरोबर स्पेलिंग वायचं असतं, आयचं म्हणजे मरण, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की जर्मनीच्या गिऱ्हाइकाला मेल लिहिताना हात आपोआप वायवर गेला. गाडीच्या दाराच्या एका भागाचा डाय तडकला होता. मी लिहिलं, की जुना डाय खराब झाला असून नवा डाय तयार होत आहे, तो मंजुरीसाठी पाठवतो. सगळीकडे वाय. सहा ठिकाणी तरी असेल. पाठवण्याआधी मी दोनदा तपासलं आणि एकाही वाक्यात कुणी मरत नाही याची खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तिकडच्या माणसानं नम्रपणे लिहिलं होतं, की आमचा भाग तर रंगाविना मागवलेला आहे. तुम्ही कोणता रंग देत आहात, आणि का, ते कृपया कळवावं. खुलासा होईपर्यंत माल पाठवू नये.

माल दोन दिवस गेटवर अडकला. धनेश साहेबांनी जर्मनीला स्वतः फोन केला. ते तिकडे काय बोलले मला माहीत नाही. मधे मधे नुसतं "नो कलर, नो कलर" ऐकू येत होतं. त्यानंतर इंग्रजीचा सगळा पत्रव्यवहार दिव्याकडे गेला आणि मला डिस्पॅचला बसवण्यात आलं. तिथं गेटपासवर फक्त गाडीचा नंबर लिहायचा असतो. दिव्या भली मुलगी आहे. ती अधूनमधून येऊन मला विचारायची, "सर, हे वाक्य बरोबर आहे ना?" मी वाक्याकडे न बघताच "आहे" म्हणायचो. मला आता कुठलंच वाक्य बरोबर दिसत नव्हतं. ब्रेक शब्द दिसला की थांबायचा का मोडायचा, वेट दिसला की वजन करायचं का वाट बघायची, असं होऊन बसलं होतं. त्यापेक्षा गाडीचा नंबर बरा. त्याला एकच अर्थ असतो.

अशाच एका रविवारी दुपारी मिनल जेवायला वर गेली होती आणि दुकानात मी एकटा होतो. दोन म्हातारी माणसं रस्ता ओलांडून आली. पुढं पांढरा सदरा आणि टोपी घातलेले आजोबा, मागं नऊवारीतल्या आजी, त्यांच्या हातात कापडी पिशवी. आजोबांनी मान वर करून बोर्डावरची चादर बघितली.

"हितंच हाय," ते आजींना म्हणाले. मग मला म्हणाले, "आज कुनी गेलं का?"

"नाही नाही. बोर्ड झाकलाय."

"बरं. मी रंगराव. ही आमची गिरजाबाई. दापोडीवरनं आलो. मागं एकदा बसमधनं बोर्ड वाचला होता मी. इंग्रजी वाचतो थोडं, कंपनीत होतो."

गिरजाबाई बाकावर टेकल्या. "सवाष्णीचं सगळं बघता म्हनं तुमी," त्या म्हणाल्या. "घरनं न्यायचं बी."

"खण बी ठेवतात," रंगराव म्हणाले. "खाली लिव्हलंय. म्हंजे ओटीसकट."

आजवर फोन करणारे सगळे टिंगल करणारे होते. हे दोघं उन्हात बस बदलून, विश्वासानं आले होते.

"आजोबा," मी म्हणालो, "इंग्रजीत डाय दोन आहेत. एक मरणाचा, एक रंगाचा."

"बरं. मंग तुमच्या बोर्डावर कंचा हाय?"

"मरणाचा."

"मंग आमी बरोबर आलो."

"पण मला रंगाचा म्हणायचा होता."

रंगरावांनी जरा विचार केला. "बोलताना दोनी सारखंच येतात का?"

"हो."

"मंग आमचं काय चुकलं?"

"तुमचं काहीच चुकलं नाही," मी म्हणालो. चूक कुणाची, याचं उत्तर एवढे दिवस मी शोधत होतो, ते तोंडातून आपोआप आलं होतं, पण त्यानं बरं वाटलं नाही.

तेवढ्यात मिनल खाली आली. मी तिला डोळ्यांनी खुणावलं. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. तिनं गिरजाबाईंना पाणी दिलं आणि त्यांच्याशेजारी बसली. "काय काम होतं मावशी?"

"माझंच काम हाय बाई," गिरजाबाई म्हणाल्या. "दोन लेकं हायेत, पर एक नाशकाला, एक सुरतला. सुना चांगल्या हायेत, पर त्यास्नी ह्यातलं काय ठावं न्हाई. आन् ह्यांना तर माझी लुगडी कंच्या कप्प्यात हायेत त्ये बी म्हाईत न्हाई. ऐनवेळी काय तरी भलतंच गुंडाळून देतील मला. म्हनलं, आपलं आपुन सांगून ठेवावं."

"तब्येत बरी नाही का तुमची?"

"बरी हाय की. पर वय झालं न्हवं? ह्यांच्या आधी जायचं, हिरवं नेसून जायचं, एवढंच ठरवलंय मी."

रंगराव दाराकडे बघत होते.

गिरजाबाईंनी पिशवीतून एक नऊवारी काढली. कधीकाळी ती हिरवी असणार. आता वाळलेल्या गवतासारखी दिसत होती, घड्यांवर पिवळे पट्टे पडले होते. काठ मात्र शाबूत. "थोरल्याच्या लग्नात घेतलेली. एवढीच हिरवी हाय माझ्यापाशी. पर ही असली विटकी नेसून कसं जायचं गं?"

आता मिनल खरं काय ते सांगेल, असं मला वाटलं. तिनं पातळ उचललं, दारात उजेडाला नेलं, पदर चिमटीत धरून चोळला, काठाचा धागा नखानं तपासला.

"रंग धरेल," ती म्हणाली. "कोणता हिरवा देऊ?"

गिरजाबाईंना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. "कंचा असतो?"

मिनलनं रंगाच्या कापडांचे तुकडे काढले. पोपटी, मेंदीचा, बाटलीसारखा गडद, चुड्याचा. दोघी त्यांच्यावर वाकून बसल्या. गिरजाबाई एकेक तुकडा मनगटाशी धरून बघत होत्या, परत ठेवत होत्या, पुन्हा उचलत होत्या. मी आणि रंगराव बाहेर पायरीवर येऊन बसलो.

"रोज कपाट उघडून बसती," रंगराव हळू आवाजात म्हणाले. "ही नेसवा, ती नेसवा, नथ काढून घ्या, जोडवी ऱ्हाऊ द्या. मी काय बोलायचं? उठून भायेर जातो. लई दिवस झाले असं. म्हनून बोर्ड वाचला तवा म्हनलं, न्हेऊन आनावं. एकदाचं सांगून टाकंल आन् मोकळी हुईल."

मी आतून पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला.

पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. मिनलनं आठवडाभर त्या एका पातळावर जीव टाकला होता. शेगडीवर पाणी उकळून, मीठ घालून, आधी पिवळे पट्टे काढून मग रंग चढवला. काठाला रंग लागू नये म्हणून तो दोऱ्यानं बांधून घेतला होता. रोल प्रेस बंदच असल्यामुळे वर घरी गादीखाली घालून घडी बसवली आणि आम्ही तिच्यावर झोपलो. मला कूस बदलायची परवानगी नव्हती.

तिनं घडी उलगडली तेव्हा मीही कंपनीतले गेटपास विसरून बघत राहिलो. चुड्यासारखा हिरवा, आतून उजेड असल्यासारखा.

गिरजाबाई पदर खांद्यावर घेऊन आरशासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ उभ्या होत्या. मग वळून मिनलला म्हणाल्या, "ही जाळायची?"

"तुम्ही म्हणाल तसं, मावशी."

"न्हाई गं बाई. एवढी चांगली कोन जाळतं?" त्यांनी पदर पुन्हा सारखा केला. "माघात कस्तुराचं लगीन हाय, माझ्या नातीचं. तवा नेसते."

"आन् त्ये दुसरं?" रंगरावांनी विचारलं.

"त्याला दुसरी रंगवू कवा तरी. घाई हाय का तुमाला?"

"न्हाई," रंगराव म्हणाले. "मला काय बी घाई न्हाई." आणि ते घाईघाईनं बाहेर पायरीवर जाऊन बसले, टोपी काढून तोंड पुसत.

त्यानंतर दापोडीच्या बायका यायला लागल्या. गिरजाबाईंनी सगळ्या गल्लीत ते पातळ दाखवलं होतं. बायका दारात येऊन विचारायच्या, "सवाष्णीचं दुकान हेच का?" मिनल "हो, या" म्हणायची. काही जणी खरोखरच त्या कामासाठी हिरवी साडी घेऊन यायच्या आणि रंगवून झाल्यावर लग्नाला नेसून जायच्या. विजेच्या ऑफिसात मिनल स्वतः गेली. तिनं अर्जात मराठीत एक ओळ लिहिली, साड्या रंगवण्याचं दुकान आहे. मीटर बसला. साहेबरावांनी येऊन चालू रोल प्रेसवर तळवा ठेवला, "हादरा नाही" म्हणाले आणि सोसायटीच्या पत्रावर सही केली.

नेत्याचा वाढदिवस पार पडल्यावर रोहिदासनं नवा बोर्ड दिला. तो छापण्यापूर्वी स्वप्नालीनं तपासला होता, दिव्यानं तपासला होता, आणि मी डिक्शनरीत एकेक शब्द बघितला होता. डी-वाय-ई. होलला डब्ल्यू. विमान काढून साधा प्लेन टाकलेला. मी तो काखेत मारून शिडी घेऊन दुकानापुढे गेलो. मिनल बाहेर आली. तिनं शिडीवर चढून पांढरी चादर सोडवली, घडी करून माझ्या हातात दिली.

"हाच राहू दे," ती म्हणाली.

"अगं, पण लोक काय म्हणतील? लेडीज डाइंग लिहिलंय त्याच्यावर."

"त्याच्यामुळे गिरजामावशी आल्या. मी नाही काढणार."

मी पुष्कळ समजावलं. कंपनीतली माझी जागा, सोसायटीतलं माझं नाव, सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दोन बायका आल्या म्हणून आत गेली.

कंपनीची बस सकाळी त्या बोर्डाखालीच थांबते. मी रोज तिथं उभा असतो. बसमधले लोक खिडकीतून आधी बोर्ड बघतात, मग मला बघतात. नवा बोर्ड आमच्या पलंगाखाली आहे. त्याच्यावरचं एकूणएक स्पेलिंग बरोबर आहे. कुणाला बघायचं असेल तर घरी यावं.